गिऱ्हाइकाची मर्जी आणि खतावणीचा हिशेब

ग्राहकाच्या समाधानासाठी खर्च केला पाहिजे, हे आज कोणत्याही कंपनीला पटवून द्यावे लागत नाही. चकचकीत दालने, घरपोच माल, पसंत न पडल्यास पैसे परत, या साऱ्या गोष्टी आता अंगवळणी पडल्या आहेत. अडचण उभी राहते ती वर्षअखेरीस. या सगळ्यावर झालेल्या खर्चातून धंद्याला नेमके काय मिळाले, असा प्रश्न संचालक विचारतात आणि अनेकदा त्याचे उत्तर कोणाकडेच नसते. इंग्लंडमधील एका कुंभाराने हाच प्रश्न अडीचशे वर्षांपूर्वी स्वतःला विचारला होता. तोही अशा वेळी, की उत्तर सापडले नसते तर उभा केलेला कारखाना हातचा गेला असता. त्याचे नाव जोसाया वेजवुड.

वेजवुडचा जन्म १७३० मध्ये स्टॅफर्डशायर परगण्यातील बर्स्लेम या गावी झाला. हे गाव कुंभारांचेच. बाप, आजा, चुलते सारे मातीच्या भांड्यांवर पोट भरणारे. भावंडांत जोसाया सर्वांत धाकटा. तो नऊ वर्षांचा असताना वडील वारले. शाळा सुटली आणि थोरल्या भावाच्या हाताखाली त्याचे काम सुरू झाले. वडिलांनी मृत्युपत्रात त्याच्या नावे ठेवलेली रक्कम होती अवघी वीस पौंड.

पुढे देवीची साथ आली. जोसाया वाचला, पण त्याचा उजवा गुडघा कायमचा अधू झाला. त्या काळी कुंभाराचे चाक पायाने फिरवावे लागे. ते काम त्याला जमेना. चाक सुटले तेव्हा त्याने माती, रंग आणि झिलई यांच्या प्रयोगांत मन घातले. कोणत्या मातीत काय मिसळले, भट्टी किती तापवली आणि भांडे कसे उतरले, याच्या नोंदी तो ठेवू लागला. नोंद ठेवण्याची ही सवय पुढे त्याच्या फार उपयोगी पडणार होती. गुडघ्याने मात्र त्याला जन्मभर छळले. अखेर १७६८ मध्ये पाय कापावा लागला. भूल देण्याचे औषध तेव्हा उपलब्ध नव्हते.

राणीची पसंती

१७५९ मध्ये वेजवुडने स्वतःचा धंदा थाटला. इंग्लंडमधील श्रीमंतांच्या टेबलावर तेव्हा चीनहून आलेली पोर्सेलीनची भांडी असत, तर सामान्यांच्या घरी जाडीभरडी मातीची. वेजवुडने मलईच्या रंगाची, हलकी, गुळगुळीत आणि तुलनेने स्वस्त भांडी तयार केली. दिसायला ती उंची होती आणि रोजच्या वापरात टिकतही होती.

१७६५ मध्ये राणी शार्लटकडून चहाच्या संचाची मागणी आली. वेजवुडने हे काम सोन्याच्या मुलाम्यासह जातीने पूर्ण केले. लवकरच राणीचा कुंभार म्हणवून घेण्याची परवानगी त्याला मिळाली आणि त्याने आपल्या मालाला ‘क्वीन्स वेअर’ म्हणजे राणीची भांडी असे नाव दिले. राणीच्या टेबलावर जे असते ते सरदाराला हवे असते आणि सरदाराकडे जे असते ते व्यापाऱ्याला, वकिलाला हवे असते, हे त्याने नेमके हेरले होते. इतर कुंभारांची भांडी बहुधा बेनाव विकली जात. वेजवुड मात्र आपले नाव मालावर उमटवू लागला.

या वाटचालीत त्याला जोड मिळाली ती लिव्हरपूलचा व्यापारी थॉमस बेंटली याची. बेंटली शिकलेला, प्रवास केलेला, मोठ्या लोकांत वावरणारा होता. १७६९ मध्ये दोघांच्या भागीदारीत शोभेच्या भांड्यांचे काम सुरू झाले आणि त्याच वर्षी एट्रुरिया नावाचा नवा कारखाना उभा राहिला.

लंडनमधील दालन

गिऱ्हाईक मालाकडे कसे पाहते, याचा वेजवुडइतका विचार त्याच्या काळात क्वचितच कोणी केला असेल. लंडनमध्ये त्याने विक्रीचे दालन उघडले. तेथे भांडी फळ्यांवर रचून ठेवलेली नसत. मेजवानीसाठी मांडावीत तशी पूर्ण संचानिशी ती टेबलांवर मांडलेली असत. मांडणी दर काही दिवसांनी बदलावी, म्हणजे आलेल्या बायकांना पुन्हा यावेसे वाटेल, असा त्याचा आग्रह होता. भांडी कोणती घ्यायची हे घरात कोण ठरवते, याची त्याला पक्की जाण होती.

लंडनपर्यंत माल पोहोचविण्याचा खर्च तो स्वतः सोसू लागला. वाटेत भांडे फुटले तर नुकसान त्याचे. माल पसंत पडला नाही तर परत घेण्याची हमीही तो देत असे. आज सर्रास दिसणाऱ्या या हमीच्या अगदी आरंभीच्या नोंदींत वेजवुडचे नाव घेतले जाते. चित्रांसह मालाच्या याद्या छापून त्याने त्या परदेशांतही पाठविल्या. जर्मनीतील सरदार घराण्यांकडे तर मागणी आलेली नसताना त्याने मालाचे खोके रवाना केले. आवडले तर पैसे पाठवा, नाही तर माल परत करा, असा तो व्यवहार होता.

फुटलेल्या भांड्यांची भरपाई देणाऱ्या माणसाने रस्त्यांचा विचार करणे ओघानेच आले. स्टॅफर्डशायरचे रस्ते खड्ड्यांनी भरलेले होते. दूरवरून येणारी माती आणि तयार होऊन जाणारा माल, दोन्हींची वाहतूक तट्टांच्या पाठीवरून होई. ट्रेंट आणि मर्सी या नद्या जोडणारा कालवा व्हावा, यासाठी वेजवुडने कंबर कसली. १७६६ मध्ये पार्लमेंटने कायदा केला, पहिली कुदळ वेजवुडनेच मारली आणि १७७७ मध्ये कालवा पुरा झाला. एट्रुरियाचा कारखाना याच कालव्याच्या काठी होता. वाहतुकीचा खर्च घटला आणि भांड्यांची फूटही. गिऱ्हाइकाला दिलेली हमी आता धंद्याला परवडू लागली.

१७७२ चा फटका

बाहेरून पाहणाऱ्याला वेजवुडची घोडदौड चाललेली दिसत होती. दालनात गर्दी होती, मागण्या येत होत्या, नाव युरोपभर पसरत होते. हातात रोकड मात्र टिकत नव्हती. उमराव मंडळी माल उत्साहाने नेत आणि पैसे सवडीने देत. वखारीत न विकलेल्या फुलदाण्या साठत चालल्या होत्या. गिऱ्हाईक खूश आहे एवढ्यावर धंदा चालत नाही, याची जाणीव होऊ लागली होती.

अशातच १७७२ च्या जूनमध्ये लंडनमधील एका पेढीचा भागीदार अलेक्झांडर फोर्डाइस सट्ट्यात बुडाल्यामुळे परागंदा झाला. पेढी कोसळली आणि पाठोपाठ अनेकांची दिवाळी निघाली. पत आटली, बाजारातील मागणी घसरली. माल पडून आणि देणी अंगावर, अशा कात्रीत वेजवुड सापडला.

अशा वेळी सोपा मार्ग दोन प्रकारचा असतो. एक म्हणजे गिऱ्हाइकावरचा सारा खर्च तोडून टाकणे. दुसरा म्हणजे दिवस पालटतील या आशेवर आहे ते चालू ठेवणे. वेजवुडने यांपैकी काहीच केले नाही. मातीच्या प्रयोगांच्या नोंदी ठेवणारा हा माणूस हिशेबाच्या वह्या घेऊन बसला. एक फुलदाणी तयार होताना माती किती लागते, साच्याचा खर्च किती, कारागिराची मजुरी किती, भट्टीचा कोळसा किती, फुटीत किती जाते, विक्रीवर आणि भाड्यावर किती पडतात, याची त्याने टप्प्याटप्प्याने मांडणी केली.

या खटाटोपातून तीन गोष्टी उघड झाल्या. पहिली, मालाच्या किमती आणि त्यावर होणारा खर्च यांचा मेळच नव्हता. काही नगांवर भरपूर नफा सुटत होता, तर काही जवळजवळ पडत्या भावात जात होते. दुसरी, लंडनच्या कचेरीतील हिशेबात घोळ होता. तेथील प्रमुख कारकुनाकडून अफरातफर झाल्याचे निष्पन्न झाले. ती वह्यांची घडी नव्याने बसवावी लागली आणि वसुलीला शिस्त लावावी लागली.

तिसरी गोष्ट सर्वांत मोलाची होती. कारखान्याचे भाडे, साचे, कारकुनांचे पगार असे काही खर्च माल थोडा निघो वा पुष्कळ, जवळजवळ तितकेच राहतात. म्हणजे नग जितके जास्त, तितका प्रत्येक नगावरचा बोजा कमी. अर्थशास्त्राच्या पुस्तकांत स्थिर खर्च आणि बदलता खर्च हा भेद आज पहिल्या काही पानांतच येतो. वेजवुडला तो अडचणीच्या काळात, स्वतःच्या खतावणीतून गवसला.

कोणासाठी किती?

येथून पुढे त्याच्या व्यापाराला निश्चित दिशा आली. उमरावांसाठी नवे, दुर्मीळ आणि महाग नमुने. त्यातून मुख्यतः मिळवायचे ते नाव. तोच घाट लोकांच्या नजरेत भरला, की किंमत उतरवून तो मध्यमवर्गापर्यंत न्यायचा आणि मोठ्या संख्येच्या विक्रीतून नफा कमवायचा. गिऱ्हाइकासाठी केलेल्या प्रत्येक खर्चाने यांपैकी कोणते काम साधायचे, हे आता आधी ठरू लागले.

रशियाची सम्राज्ञी कॅथरीन हिच्यासाठी १७७३-७४ मध्ये केलेला संच हे याचे ठळक उदाहरण. ९५२ नगांच्या या संचावर इंग्लंडमधील वाडे, बागा, किल्ले आणि निसर्गाची बाराशेहून अधिक दृश्ये हाताने रंगविलेली होती. ज्या महालासाठी तो होता, तेथील जागा बेडकांची पाणथळ म्हणून ओळखली जाई. म्हणून प्रत्येक नगावर हिरव्या बेडकाचे चिन्ह होते. चित्रकारांची मजुरी इतकी झाली, की केवळ या व्यवहारात वेजवुडला फारसे काही सुटले नाही.

पण त्याने हा संच रशियाला धाडण्यापूर्वी १७७४ मध्ये लंडनच्या ग्रीक स्ट्रीटवरील नव्या दालनात मांडला. तो पाहायला राणी शार्लट आली आणि लंडनचे प्रतिष्ठित लोकही लोटले. कोणाचा वाडा कोणत्या ताटावर आहे, हे शोधण्यात मंडळी रंगून गेली. तेथे येणाऱ्यांना विकत घेता येण्याजोगा मालही त्याच इमारतीत होता. एका मागणीतला नफा सोडून त्याने पुढच्या अनेक मागण्यांची तजवीज केली होती. फुकट माल पोहोचविणे, परत घेण्याची हमी आणि दालनाचा थाट या साऱ्यांमागचा विचार हाच होता.

गुणवत्तेच्या बाबतीत मात्र त्याने तडजोड केली नाही. सदोष भांडे दिसले की वेजवुड ते आपल्या लाकडी पायाने फोडून टाकी, अशी आख्यायिका आहे. तिच्यातील खरेखोटेपणा बाजूला ठेवला, तरी नाव उमटवलेल्या मालाबद्दलची त्याची धास्ती त्यातून कळते. कारखान्यात त्याने कामाची बारीक विभागणी केली, घंटेवर कामाच्या वेळा बांधल्या, नियम मोडणाऱ्यांना दंड लावला. पिढ्यान्‌पिढ्या आपल्या मर्जीने काम करणाऱ्या कुंभारांना ही शिस्त जाचक वाटली. गिऱ्हाइकाला मिळणाऱ्या सुबकपणाची किंमत काही अंशी त्यांनीही मोजली, हे विसरता येत नाही.

१७८० मध्ये बेंटलीचे निधन झाले. पुढच्या काळातही वेजवुडचे काम थांबले नाही. भट्टीतील प्रखर उष्णता मोजण्याच्या साधनाबद्दल १७८३ मध्ये त्याची रॉयल सोसायटीवर निवड झाली. १७८७ मध्ये गुलामगिरीविरोधी चळवळीसाठी त्याने साखळदंडातील गुलामाची प्रतिमा असलेली पदके आपल्या कारखान्यात बनवून वाटली. त्यांतून त्याला पैसे मिळवायचे नव्हते. ३ जानेवारी १७९५ रोजी त्याचे निधन झाले, तेव्हा वीस पौंडांच्या वारशावर निघालेल्या या माणसाची मालमत्ता सुमारे पाच लाख पौंड होती. उत्क्रांतिवादाचा जनक चार्ल्स डार्विन हा त्याच्या मुलीचा मुलगा.

वेजवुडचे नाव आजही भांड्यांवर आहे, कंपनी मात्र अनेक हातांतून गेली. वॉटरफर्ड वेजवुड हा समूह कर्जाच्या ओझ्याखाली जानेवारी २००९ मध्ये कोलमडला. २०१५ मध्ये हे नाव फिनलंडच्या फिस्कार्स कंपनीकडे गेले. अडीच शतकांची पुण्याई आणि जगभरातील ग्राहकांचे प्रेम असूनही हिशेबाचे गणित चुकले की काय होते, हे त्यातून दिसले. १७७२ मध्ये वेजवुडपुढेही तेच संकट होते. फरक एवढाच, की त्याने वेळेवर वह्या उघडल्या आणि गिऱ्हाइकासाठी केलेला प्रत्येक खर्च कोठे जातो आणि कोणत्या वाटेने परत येतो, हे स्वतः तपासून पाहिले.