थोर यंत्रकार सर हेन्री रॉइस

मोडण्यास बुद्धि लागत नाहीं, जोडण्यास मात्र लागते. घरांतील जुनें घड्याळ उघडून त्याचीं चाकें चटईवर मांडण्याचा पराक्रम आमच्या बालवाचकांपैकीं पुष्कळांनीं केला असेल; पण तीं चाकें जागच्या जागीं बसवून घड्याळ पुन्हा चालतें करणारे किती निघतील? ज्या पुरुषाचें चरित्र आज आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों, त्याची सारी थोरवी या दुसऱ्या कामांत होती.

हेन्री रॉइस याचा जन्म इंग्लंडांत पीटरबरो शहराजवळील ऑल्वाल्टन या खेड्यांत २७ मार्च १८६३ रोजीं झाला. वडील पिठाची गिरणी चालवीत. धंदा बुडाला, कुटुंब लंडनला आलें, आणि १८७२ सालीं, हेन्री नऊ वर्षांचा असतांनाच, पित्याचें छत्र नाहींसें झालें. मग वर्तमानपत्रें विकणें, तारा घरोघर पोंचविणें अशीं कामें करून त्यानें दिवस काढले. शाळेचा लाभ त्यास सारा मिळून एखाद्या वर्षाचाच झाला. पुढें एका मावशीनें दर वर्षास २० पौंड देण्याचें पत्करून १८७८ सालीं त्यास पीटरबरोच्या रेल्वे कारखान्यांत उमेदवार म्हणून ठेविलें. तेथें हातास वळण लागलें. पण तीन वर्षांत मावशीचाहि पैसा संपला, आणि उमेदवारी अर्धीच टाकून त्यास बाहेर पडावें लागलें. अपुऱ्या शिक्षणाची ही रुखरुख मनांत न कुढवितां त्यानें ती हाताच्या कामांत उतरविली.

१८८४ सालीं, वयाच्या एकविसाव्या वर्षीं, स्वतःचे २० व क्लेअरमाँट नांवाच्या मित्राचे ५० पौंड घालून त्यानें मँचेस्टर येथें कुक स्ट्रीटवर लहानसा कारखाना काढला. प्रथम विजेच्या घंटा, मग डायनामो, मग जड ओझीं उचलणाऱ्या विजेच्या याऱ्या, असा व्याप वाढत गेला. जेवणाखाणाची शुद्ध न ठेवितां रॉइससाहेब रात्रंदिवस खपत. त्यांच्या मालाचा लौकिक झाला. प्रकृति मात्र ढांसळत चालली.

पुढें त्यांनीं एक जुनी फ्रेंच मोटार विकत घेतली. तिचें नांव देकोव्हील. तिचा खडखडाट व वारंवार अडून बसण्याची खोड त्यांस रुचेना. तेव्हां त्यांनीं ती सबंध उकलली, प्रत्येक भाग पारखला, आणि यापेक्षां चांगली मोटार आपण स्वतः करावयाची असा निश्चय केला.

इंजिन उकलणें हें किती नाजुक काम आहे, हें कळावें म्हणून आपण एकच भाग उदाहरणादाखल घेऊं. इंजिनाच्या पुढच्या तोंडाशीं एक धातूचें झांकण असतें. त्यास टायमिंग कव्हर म्हणतात. त्याच्या आड दोन दांतेरी चाकें असतात. एक दट्ट्यांच्या जोरानें फिरणाऱ्या क्रँकशाफ्टचें, व दुसरें झडपा उघडणाऱ्या कॅमशाफ्टचें. कोठें तीं एकमेकांत गुंतलेलीं, तर कोठें सांखळीनें जोडलेलीं असतात. क्रँकशाफ्टचे दोन फेरे होतात तेव्हां कॅमशाफ्टचा एक फेरा होतो. चाकांवर खुणा कोरलेल्या असतात, आणि त्या बरोबर जुळाव्या लागतात. एका दांत्याची चूक झाली तरी झडपा अवेळीं उघडतात व इंजिनाचा जोर जातो. चूक मोठी असल्यास कांहीं इंजिनांत दट्ट्या व झडप यांची टक्कर होऊन नुकसानहि होतें.

म्हणून शहाणा मिस्त्री प्रथम पहिल्या सिलिंडरचा दट्ट्या वरच्या टोकास आणून ठेवितो. मग क्रँकशाफ्टवरील पुली काढून झांकणाचे बोल्ट थोडेथोडे सैल करितो. बोल्ट पुष्कळदां निरनिराळ्या लांबीचे असतात. ते मिसळूं नयेत म्हणून पुठ्ठ्यास भोकें पाडून ज्याच्या त्याच्या जागीं तो ते खोंचून ठेवितो. झांकण चिकटून बसलें तरी फटींत पेचकस घालून तें उचकटीत नाहीं. कारण तेथें ओरखडा पडला कीं तेल गळूं लागतें. परत बसवितांना जुनें गॅस्केट अलगद खरवडावयाचें, नवें गॅस्केट व तेल अडविणारें नवें सील घालावयाचें, सर्व बोल्ट आधीं हातानें लावावयाचे, आणि मग आळीपाळीनें सारखे आवळावयाचे. शेवटीं इंजिन सुरू करण्यापूर्वीं क्रँकशाफ्ट हातानें दोन फेरे फिरवून कोठें अडत नाहीं ना, हें पाहावयाचें. यांत जोराचें काम थोडें, सावधपणाचें फार.

असा सावधपणा रॉइससाहेबांच्या अंगीं मुरला होता. १ एप्रिल १९०४ रोजीं त्यांची पहिली मोटार कारखान्यांतून बाहेर पडली. पुढच्याच महिन्यांत मँचेस्टर येथें त्यांची व चार्ल्स रोल्स या श्रीमंत व धाडसी तरुणाची भेट झाली. एकानें मोटारी कराव्या, दुसऱ्यानें विकाव्या, असें ठरलें. आणि १९०६ सालीं रोल्स-रॉइस कंपनी स्थापन झाली.

त्यांच्या सिल्व्हर घोस्ट या मोटारीची १९०७ सालीं कठोर परीक्षा झाली. परीक्षकांच्या देखत ती १५,००० मैल चालविण्यांत आली. नंतर तिचें इंजिन उकलून प्रत्येक भाग मोजून पाहिला, तों त्यांत मापण्याजोगी झीज सांपडली नाहीं. दुसऱ्याची मोटार उकलणाऱ्या कारागिराची मोटार आतां दुसऱ्यांनीं उकलली, आणि ती कसोटीस उतरली! १९०८ सालीं याच जातीच्या एका मोटारीनें मुंबई-कोल्हापूर शर्यतींत आपल्या घाटांचे चढ सर करून यश मिळविलें.

पण सुखाचे दिवस थोडे. १९१० सालीं विमान कोसळून रोल्स यांचा अंत झाला. १९११ सालीं रॉइससाहेबांची प्रकृति पार खालावली, आणि डर्बी येथील नव्या कारखान्यापासून त्यांस कायमचें दूर राहावें लागलें. तरी समुद्रकांठच्या घरीं बसून ते आराखडे तपाशीत व लहानशा स्क्रूचाहि विचार करीत. त्यांच्या ईगल नांवाच्या दोन इंजिनांच्या बळावर अल्कॉक व ब्राऊन यांनीं १९१९ सालीं विमानानें अटलांटिक महासागर न थांबतां ओलांडला. १९३० सालीं त्यांस बॅरोनेट ही पदवी मिळाली. तरी स्वतःस मेकॅनिक म्हणवून घेण्यांतच त्यांस भूषण वाटे. २२ एप्रिल १९३३ रोजीं वेस्ट विटरिंग येथें त्यांनीं देह ठेविला. त्यांच्या हयातींत आंखलेलें मर्लिन इंजिन त्याच वर्षाच्या ऑक्टोबरांत प्रथम फिरलें. दुसऱ्या महायुद्धांत स्पिटफायर विमानांस त्यानेंच बळ दिलें.

विद्यार्थिमित्रहो, रॉइससाहेबांजवळ पदवी नव्हती, पैसा नव्हता, पुढें आरोग्यहि उरलें नाहीं. जें होतें तें एवढेंच, कीं हातीं घेतलेलें काम बरोबर जुळल्याखेरीज त्यावर झांकण ठेवावयाचें नाहीं. आणि पालकहो, आपला मुलगा तेलकट हातांनीं घरीं आला, तर त्यावर रागावण्यापूर्वीं त्यानें उघडलेलें यंत्र पुन्हा चालूं केलें कीं नाहीं, तेवढें मात्र अवश्य विचारावें.