ऐकून वाचलेले ग्रंथ

गावात सप्ताह बसला की देवळात ज्ञानेश्वरीचे पारायण सुरू होते. नांदेड-लातूरकडच्या खेड्यांत हे दृश्य आजही दिसते. वाचता वाचता एखादा मुलगा शब्दावर अडखळतो आणि खांबाला टेकून बसलेली आजी तो शब्द अलगद पुरवते. आजीने शाळेची पायरी चढलेली नसते, पण तिच्या कानांनी पोथी कधीच वाचून काढलेली असते.

या श्रवणाचे टोक पाहायचे तर विदर्भात जावे लागेल. अमरावती जिल्ह्यातील माधान गावच्या मोहोड घराण्यातील गुलाबरावांचा जन्म ६ जुलै १८८१ रोजी लोणी टाकळी येथे, आजोळी झाला. जेमतेम नऊ महिन्यांचे असताना डोळ्यांत चुकीचे औषध पडले आणि दृष्टी कायमची गेली. थोड्याच वर्षांत आईही गेली. शेतकऱ्याच्या घरातील आईविना, आंधळे पोर! त्या काळी अशा मुलाच्या नशिबी बहुधा घराचा एक कोपराच येई.

गुलाबरावांनी तो कोपरा नाकारला. शाळा नव्हती, म्हणून भेटेल त्या अक्षरओळख असलेल्या माणसाकडून ते ग्रंथ वाचून घेऊ लागले. ज्ञानेश्वरी, उपनिषदे, दर्शने, एवढेच काय, डार्विन आणि स्पेन्सर यांचे विचारही त्यांनी कानांनीच जाणून घेतले आणि त्यांच्याशी वाद मांडला. ते ज्ञानेश्वरांना आपले मायबाप मानत. स्वतःचे विचार ते बोलून लिहवून घेत. मराठी, संस्कृत व हिंदी मिळून शंभराहून अधिक लहानमोठी पुस्तके त्यांच्या नावावर आहेत. २० सप्टेंबर १९१५ रोजी पुण्यात त्यांनी देह ठेवला, तेव्हा वय होते अवघे ३४. लोक त्यांना प्रज्ञाचक्षू म्हणू लागले, ते उगाच नव्हे.

हे घडले कसे? भाविक त्याला ईश्वरी देणगी म्हणतील. महाराजांचा मेंदू कोणी तपासलेला नाही. तेव्हा त्यांच्याविषयी ठाम विधान करणे योग्य नव्हे. पण अशा माणसांच्या मेंदूत काय घडू शकते, याची थोडी कल्पना विज्ञानाला आता आली आहे.

आपण ऐकतो ते कानांनी, पण त्याचा अर्थ लावतो तो मेंदू. डोक्याच्या मागील बाजूस मेंदूचा एक भाग एरवी पाहण्याचे काम करतो. तान्हेपणीच दृष्टी गेली, तर हा भाग रिकामा पडून राहत नाही. शब्द ऐकताना आणि ते आठवताना तोही कामाला लागतो, असे जन्मांध किंवा लहानपणी अंध झालेल्या व्यक्तींच्या तपासणीत दिसले आहे. कान अधिक तिखट होतात असे नव्हे. ऐकलेल्याची मशागत करायला मेंदूला जास्त रान मिळते, एवढेच.

मात्र नुसते रान मिळून पीक येत नाही. माकडांवरील एका प्रयोगात काही माकडांना दोन स्वरांतील बारीक फरक ओळखावा लागे. त्यांच्या मेंदूत त्या स्वरांची जागा वाढली. दुसऱ्या माकडांच्या कानांवर तेच स्वर पडत होते, पण त्यांचे लक्ष भलतीकडे गुंतवलेले होते. त्यांच्यात तसा बदल झाला नाही. आवाज कानांवर पडणे वेगळे आणि मन लावून ऐकणे वेगळे, ही गोष्ट आपल्या संतपरंपरेला नवी नाही. श्रवणाला तिने नवविधा भक्तीत पहिले स्थान दिले आहे.

गुलाबरावांचे थोरपण मग अधिकच जाणवते. डोळे गेले ते औषधाच्या चुकीने, पण ऐकण्याचे कष्ट त्यांनी स्वतः घेतले. ते ऐकलेले घोळवत, प्रश्न विचारत, पुन्हा वाचायला लावत. आणि त्यांच्यासाठी वेळ काढून ग्रंथ वाचणाऱ्या त्या माणसांचे ऋणही विसरता येणार नाही. ती नसती तर तो मेंदू कशावर पोसला असता?

आपल्याही घरात एखादी न वाचणारी आजी असेल, डोळे अधू झालेले आजोबा असतील, किंवा पाहू न शकणारे एखादे लेकरू असेल. दिवसभर चालू असलेला टीव्ही त्यांच्या कानांवर पडतच असतो. त्याऐवजी रविवारी अर्धा तास त्यांच्याजवळ बसून काही वाचून दाखवावे आणि मग काय ऐकले, ते त्यांनाच विचारावे.