लॉर्ड रॉबर्ट्सची छोटी बंदूक

कॉलेजात एन.सी.सी. केलेल्या वाचकांना पॉइंट टू-टू रायफल आठवत असेल. पालथे पडायचे, गाल लाकडाला टेकवायचा, श्वास रोखायचा आणि समोरच्या कागदावरच्या काळ्या ठिपक्यावर नेम धरायचा. आवाज फटाक्याएवढा, खांद्याला धक्का जवळजवळ नाहीच. पहिल्यांदा बंदूक हातात घेणाऱ्या पोराची भीती पाच गोळ्यांत जाते.

सामान्य माणसाला नेमबाजी शिकवायची तर अशा छोट्या बंदुकीने, हा विचार शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी इंग्लंडमध्ये रुजला. त्यामागे आपल्या नावाचे सारे वजन घातले ते फील्ड मार्शल लॉर्ड रॉबर्ट्स याने. या माणसाची हयात हिंदुस्थानात गेली आणि त्याच्या एका मताने महाराष्ट्रातल्या अनेक घरांची चूल विझत आली. म्हणून त्याची कहाणी आपणही जाणून घ्यायला हवी.

फ्रेडरिक रॉबर्ट्सचा जन्म ३० सप्टेंबर १८३२ चा, कानपूरचा. वडील कंपनी सरकारच्या फौजेत अधिकारी. मुलगा अंगाने किरकोळ, उंची जेमतेम सव्वापाच फूट. लहानपणीच्या आजारात एका डोळ्याची दृष्टीही गेलेली. शिक्षण विलायतेत झाले आणि एकोणिसाव्या वर्षी तो बंगालच्या तोफखान्यात रुजू झाला. १८५७ साली तो दिल्लीच्या वेढ्यात होता, नंतर लखनौला. २ जानेवारी १८५८ रोजी खुदागंजच्या चकमकीत त्याने एका देशी स्वाराचा जीव वाचवला, पाठोपाठ शत्रूचे निशाण हस्तगत केले. त्याबद्दल व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला; त्या चकमकीच्या वेळी त्याचे वय पंचवीस होते.

त्याचे नाव घरोघरी पोचले ते अफगाणिस्तानच्या युद्धात. १८७९ मध्ये काबूलच्या ब्रिटिश वकिलाची हत्या झाली. रॉबर्ट्स काबूलवर चालून गेला आणि तिथे त्याने अनेकांना फासावर चढवले. त्या कठोरपणाबद्दल इंग्लंडातही त्याच्यावर टीका झाली. पुढच्या वर्षी, २७ जुलै १८८० रोजी, कंदाहारजवळ मैवंद येथे इंग्रजी फौजेचा दारुण पराभव झाला. त्या फौजेत मुंबई इलाख्याच्या पलटणी होत्या. रॉबर्ट्स दहा हजार सैनिक घेऊन ८ ऑगस्टला काबूलहून निघाला, सुमारे तीनशे मैलांची वाट तुडवून ३१ तारखेला कंदाहारला पोचला आणि दुसऱ्याच दिवशी त्याने अयूबखानाचा पराभव केला. विलायतेत जयजयकार झाला.

मैवंदचा एक तपशील मात्र त्या जयजयकारात मागे पडला. तिथल्या गोऱ्या पलटणीकडे मार्टिनी-हेन्री रायफली होत्या आणि आपल्या शिपायांकडे स्नायडर. स्नायडर म्हणजे तोंडातून ठासायच्या जुन्या बंदुकीचा मागचा भाग कापून, तिथे झडप बसवून नवी केलेली बंदूक. १८५७ नंतर सरकारचे धोरणच असे होते की, देशी शिपायाचे हत्यार गोऱ्या शिपायापेक्षा एक पायरी मागे असावे. हत्यार मागचे आणि पराभवाचा ठपका मात्र शिपायाच्या रक्तावर, असा तो हिशेब होता.

हा हिशेब रॉबर्ट्सने पुढे पक्का केला. १८८१ पासून तो मद्रासचा सरसेनापती होता. तिथे त्याने शिपायांच्या नेमबाजीवर मेहनत घेतली, स्पर्धा भरवल्या. तरीही अखेर त्याचे मत असे झाले की, दीर्घ शांततेने दक्षिणेकडची माणसे मऊ पडली आहेत आणि शिकवून त्यांच्यात लढाऊपणा येणार नाही. १८८५ ते १८९३ अशी आठ वर्षे तो साऱ्या हिंदुस्थानचा सरसेनापती झाला, तेव्हा हे मत धोरण बनले. शीख, गुरखा, पठाण, डोग्रा हे जातिवंत लढवय्ये. मद्रासी आणि मुंबईकडचे लोक दुय्यम. ‘लढवय्या जाती’ची ही कल्पना त्याच्या एकट्याची नव्हती, पण तिचा सर्वांत वजनदार पुरस्कर्ता तोच.

याची झळ आपल्याकडे कुणाला लागली? मराठ्यांची भरती चालू राहिली, पण मान उतरला. महारांची भरती १८९२-९३ च्या सुमारास बंदच झाली. ज्या समाजातल्या शिपायांची नावे कोरेगावच्या विजयस्तंभावर कोरलेली आहेत, त्यांना फौजेचे दार लागले. नुसता पगार गेला असे नाही. पलटणीतली शाळा गेली, पेन्शन गेले, गणवेशामुळे मिळणारी थोडीशी प्रतिष्ठा गेली. गोपाळबाबा वलंगकर या पेन्शनर हवालदाराने १८९४ मध्ये सरकारकडे दाद मागण्यासाठी अर्ज तयार केला, पण उपयोग झाला नाही. सुभेदार रामजी सकपाळांचा मुलगा भीमराव तेव्हा तीन वर्षांचा होता. पलटणीतल्या शिक्षणाने एका घरात काय घडू शकते, हे त्या मुलाने पुढे जगाला दाखवले.

रॉबर्ट्स १८९३ मध्ये मायदेशी परतला. आता निवृत्तीचे दिवस, असे वाटत असतानाच १८९९ मध्ये दक्षिण आफ्रिकेत बोअर युद्ध पेटले. १५ डिसेंबरला कोलेन्सोच्या लढाईत मागे राहिलेल्या तोफा सोडवताना त्याचा एकुलता उरलेला मुलगा फ्रेडी जबर जखमी झाला आणि दोन दिवसांनी गेला. मुलालाही मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. बापलेक दोघांनाही हा सन्मान मिळाल्याची उदाहरणे अवघी तीन आहेत. याच दिवसांत सदुसष्ट वर्षांच्या बापाची आफ्रिकेच्या सेनापतिपदी नेमणूक झाली. शोक गिळून तो बोटीत चढला. ५ जून १९०० रोजी त्याने प्रिटोरिया घेतले. बोअरांची शेतघरे जाळण्याचे सत्रही त्याच्याच काळात सुरू झाले, हेही त्याच्या खात्यावर मांडायला हवे.

या युद्धाने त्याला एक धडा शिकवला. समोरचे बोअर हे काही कवायती सैनिक नव्हते. ते शेतकरी होते, पण लहानपणापासून बंदूक हाताळलेले. त्यांच्या नेमापुढे इंग्लंडचे कसलेले शिपाई टिपले गेले. उलट इंग्लंडच्या शहरांतला कारकून, गिरणी कामगार, दुकानातला पोरगा यांनी बंदूक कधी धरलेलीही नसे. रॉबर्ट्सच्या मनाने घेतले की, यांना शिकवले पाहिजे.

अडचण दोन गोष्टींची होती, जागेची आणि पैशाची. मोठ्या रायफलीची गोळी मैलभर जाते; तिला शहरात मैदान कुठून आणणार? आणि काडतुसांचा खर्च कामगाराला कसा परवडणार? उत्तर सापडले ते भंगारात. मार्टिनी-हेन्री ही १८७१ पासूनची इंग्रजी फौजेची रायफल. १८८८ मध्ये नवी, अनेक गोळ्या भरता येणारी लहान व्यासाची रायफल आली आणि मार्टिनी हळूहळू कोठारात जाऊन पडली. ही रायफल एकबारी. खालचा दांडा ओढला की मागचा ठोकळा झुकतो आणि नळी उघडते. काडतूस सारायचे, दांडा मिटायचा, की ठोकळा नळीचे तोंड घट्ट बंद करतो. रचना साधी आणि दणकट.

तिचे मूळ काडतूस दांडगे होते. गोळी सुमारे एकतीस ग्रॅमची, मागे साडेपाच ग्रॅम काळी दारू. ठिणगी पाडणारी टोपी काडतुसाच्या बुडाच्या मधोमध. त्याउलट पॉइंट टू-टूचे काडतूस चिमुकले. गोळी अडीच ग्रॅमच्या आसपास, म्हणजे मोठीच्या बाराव्या हिश्श्याची. शिवाय याला मधोमध टोपी नसते. बुडाची कड पोकळ असते आणि स्फोटक त्या कडेतच भरलेले असते. कड चेपली की ठिणगी पडते. म्हणून एकाला सेंटरफायर म्हणतात, दुसऱ्याला रिमफायर.

तेव्हा जुन्या मार्टिनीत तीन बदल करावे लागत. पहिला नळीचा. नळी बदलायची, नाहीतर जुनीच आतून पोखरून तिच्यात पीळ पाडलेली बारीक पोलादी नळी बसवायची. दुसरा बदल सुईचा. मधोमध आपटणारी सुई किंचित सरकवून काडतुसाच्या कडेवर आणायची आणि जुने भोक बुजवायचे. तिसरा, रिकामी पुंगळी बाहेर ओढणारा आकडा चिमुकल्या पुंगळीच्या मापाचा करायचा. दिसायला सोपे, पण केसभर चुकले तर काडतूस उडायचे नाही, किंवा पुंगळी आतच अडकायची. बर्मिंगहॅमच्या बोनहिलसारख्या कारखान्यांनी हे काम हातोटीने केले. मोठ्या काडतुसाचा दणका सोसायला घडवलेल्या ठोकळ्याला या चिमुकल्या काडतुसाचा जोर म्हणजे काहीच नव्हता.

आमच्या बँकेत नव्या उमेदवाराला पहिल्या दिवशी लाखाची रोकड देत नसत, चिल्लर मोजायला बसवत. हात बसला की मोठ्या नोटा. ही छोटी बंदूक म्हणजे नेमबाजीतली चिल्लर. पंचवीस यार्डांची बंदिस्त जागा मिळाली, की संध्याकाळी काम सुटल्यावर क्लब भरे. १९०१ मध्ये कामगारांच्या रायफल क्लबांची एक संस्था निघाली. १९०३ मध्ये ती दुसऱ्या संस्थेत मिळून ‘सोसायटी ऑफ मिनिएचर रायफल क्लब्ज’ झाली. रॉबर्ट्स तिचा अध्यक्ष. शेकडो क्लब उभे राहिले. १९०५ पासून त्याने सक्तीच्या लष्करी शिक्षणासाठीही गावोगाव भाषणे दिली. सरकारने ऐकले नाही. सक्तीची भरती आली १९१६ मध्ये, तो गेल्यानंतर.

इथे थांबून दोन चित्रे शेजारी ठेवून पाहावीत. इंग्लंडात हा माणूस सांगत होता की, कापड मोजणारा पोरगाही सरावाने उत्तम नेमबाज होतो. हिंदुस्थानात त्यानेच ठरवले होते की, नेम आणि धैर्य जन्माने येते. इथे १८७८ चा हत्यारांचा कायदा होता. परवान्याशिवाय देशी माणसाला बंदूक बाळगता येत नव्हती. काँग्रेसने १८८७ मध्येच तो सैल करण्याची मागणी केली होती. पुढे इशापूरच्या सरकारी कारखान्यात रायफली बदलल्या गेल्या, त्या उलट्या दिशेने: आतला पीळ काढून, एकबारी करून पोलिसांच्या हाती देण्यासाठी. तिकडे बंदूक बदलली शिकवण्यासाठी, इकडे तिची ताकद कमी करण्यासाठी.

रॉबर्ट्सला दुटप्पी म्हणून सोडून देणे सोपे आहे. तो आपल्या शिपायांवर माया करणारा सेनापती होता आणि शिपायांनाही तो प्रिय होता. पहिले महायुद्ध सुरू झाल्यावर, ब्याऐंशीव्या वर्षी, नोव्हेंबरच्या थंडीत तो फ्रान्सला गेला, तो हिंदी सैनिकांना भेटायलाच. तिथे न्यूमोनिया झाला आणि १४ नोव्हेंबर १९१४ रोजी सेंट ओमेर येथे त्याचा अंत झाला. लंडनच्या सेंट पॉल्समध्ये त्याला मानाने पुरले. प्रेम करणाऱ्या माणसालाही समोरच्याची कुवत दिसतेच असे नाही, एवढे त्याच्या आयुष्यावरून कळते.

त्याच्या मताचा निकाल पुढच्या काळाने दिला. माणसे कमी पडू लागताच १९१७ मध्ये महारांची पलटण पुन्हा उभारली गेली. १९२१ मध्ये ती मोडली आणि १९४१ मध्ये महार रेजिमेंट आली, ती आजही आहे. दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या रणावर यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव या मराठा पलटणीतल्या जवानांनी व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला.

छोट्या बंदुकीचा निकाल त्याहून गोड आहे. इंग्लंडात बिस्ले येथे लॉर्ड रॉबर्ट्सच्या नावाचे नेमबाजी केंद्र आहे. २००२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेसाठी ते बांधले गेले. बिस्लेच्या त्याच स्पर्धेत मुंबईच्या अंजली भागवतने चार सुवर्णपदके जिंकली. २०१० मध्ये म्युनिकला कोल्हापूरची तेजस्विनी सावंत पन्नास मीटर रायफलमध्ये जगज्जेती झाली. आणि १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिम्पिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पन्नास मीटर रायफलमध्ये कांस्यपदक मिळवले. तो शेतकऱ्यांच्या गावातला, तेव्हा रेल्वेत तिकीट तपासनिसाची नोकरी करणारा मुलगा. त्याच्या हातातली रायफल पॉइंट टू-टू रिमफायर होती.