पाण्याचा हिशेब

सरकारी पैशाने काढलेल्या कालव्याचे पाणी कुणाचे? बँकेच्या नोकरीत उसासाठी आलेले कर्जाचे अर्ज तपासताना हा प्रश्न मला पडे, आणि मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या आठवत. दोन मेणबत्त्यांची त्यांची गोष्ट सर्वांना पाठ आहे. ती इथे नको.

म्हैसूर मुलखातला हा मुलगा पुण्यात इंजिनीअर झाला आणि १८८४ साली मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात, नाशिकला रुजू झाला. १९०३ साली खडकवासल्याच्या सांडव्यावर त्यांनी स्वयंचलित दरवाजे बसवले. पाणी ठरावीक पातळीवर चढले की ते आपोआप उघडत, उतरले की मिटत. जुन्याच धरणात जादा पाणी मावू लागले. पेटंट त्यांच्या नावावर होते, पण सरकारी नोकरीत केलेल्या कामाची रॉयल्टी त्यांनी घेतली नाही.

मला मात्र दरवाजांहून त्यांची ब्लॉक पद्धत मोठी वाटते. नीरा कालव्यावर वरच्या अंगाचे बागायतदार उसाला बेसुमार पाणी घेत. खालच्या गावांच्या वाट्याला उरेल ते. विश्वेश्वरय्यांनी ते अधिक गावांत वाटून, प्रत्येक ठिकाणी आखून दिलेल्या ब्लॉकमध्ये, पिकांच्या फेरपालटीने देण्याची योजना मांडली. बागायतदार बिथरले, वर्तमानपत्रांतून टीका झाली. विश्वेश्वरय्यांनी शेतकऱ्यांच्या सभा घेतल्या आणि हिशेब समोर ठेवला.

पुढे १९१२ ते १९१८ ते म्हैसूरचे दिवाण होते. कृष्णराजसागर त्यांनी रेटले, १९१३ साली म्हैसूर बँकही उभी राहिली. (आम्हा बँकवाल्यांना याचे अप्रूप!) १९५५ साली भारतरत्न मिळाले, १९६२ साली ते गेले. कालव्याच्या शेवटच्या गावांतून पाटबंधारे खात्याकडे पाण्याचे अर्ज अजून जातातच.