आजचं चिंतन : निम्मी खतं



सध्या आपण गीतेच्या तेराव्या अध्यायातली ज्ञानाची लक्षणं रोज एकेक बघतोय. आजचं लक्षण जड आहे. मुलंबाळं, बायको, घरदार यांच्यात असूनही त्यांत न अडकणं. वाचायला सोपं, जगायला महाकठीण. म्हणून आज अर्थ सांगत बसत नाही. हे लक्षण जगलेल्या एका शेतकऱ्याचं चरित्र बघूया. आपले तुकोबा.

तुकोबा म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर वीणा, चिपळ्या आणि पुष्पक विमान येतं. पण त्याआधी एक देहू आहे. इंद्रायणीकाठचं शेतीवाडीचं गाव. तिथलं मोरे घराणं, आडनाव आंबिले. घरची शेती, गावची महाजनकी, दुकान आणि सावकारी. म्हणजे खाऊनपिऊन चांगलं सुखी घर. आणि या घराची खरी इस्टेट म्हणजे पंढरीची वारी. आठ पिढ्यांआधीच्या विश्वंभरबाबांपासून ती चालत आलेली. त्यांनीच देहूत विठ्ठल-रखुमाईची स्थापना केली असं परंपरा सांगते. म्हणजे तुकोबांना भक्ती कुठून शोधून आणावी लागली नाही. शेत जसं वारशाने आलं, तसा विठोबाही वारशाने आला.

जन्म साधारण १६०८ चा मानतात. वडील बोल्होबा, आई कनकाई. थोरले भाऊ सावजी, धाकटे कान्होबा. सावजींचा ओढा पहिल्यापासून विरक्तीकडे, त्यामुळे वडिलांनी संसाराचा भार मधल्या मुलावर टाकला. तेव्हा तुकोबा जेमतेम तेरा वर्षांचे. आपण त्या वयात सायकलसाठी हट्ट करत होतो. ते दुकान, शेत आणि वसुली बघत होते, आणि चांगलं बघत होते. पहिली पत्नी रखमाई दम्याने आजारी असायची, म्हणून पुण्याच्या गुळव्यांची जिजाई दुसरी सून म्हणून घरात आली.

मग एकामागून एक पडझड सुरू झाली. सतराव्या वर्षी आईवडील गेले. पुढच्याच वर्षी थोरली वहिनी गेली आणि सावजी घर सोडून तीर्थयात्रेला निघून गेले. तरी तुकोबा उभे होते. १६३० च्या सुमारास दख्खनमध्ये भयंकर दुष्काळ पडला. शेतात दाणा नाही, गोठ्यात गुरं नाहीत. लोकांना दिलेलं येणं बुडालं, दुकानाचं दिवाळं निघालं. आणि त्या दुष्काळात रखमाई अन्नावाचून गेली. पाठोपाठ पहिला मुलगा संतू गेला. ज्याच्या घरातून गावाला धान्य उसनं जायचं, त्याच्याच घरात भुकेने माणूस मेलं. तुकोबा तेव्हा एकविशी-बाविशीतले.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. आठ पिढ्यांच्या वारीने हे घर दुष्काळातून वाचलं नाही. भक्ती म्हणजे इन्शुरन्स नव्हे, हे तुकोबांना सगळ्यात आधी कळलं असणार.

ते भामनाथाच्या डोंगरावर जाऊन बसले. कान्होबा दिवसेंदिवस भावाला शोधत फिरले, शेवटी तिथे सापडले. दोघं इंद्रायणीवर आले. तुकोबांनी घरातली कर्जखतं आणायला सांगितली. लोकांच्या जमिनी, बैल, भांडी ज्या कागदांत अडकलेली, ते सगळं बाड नदीत सोडायचं ठरवलं.

पुढचा भाग आपण कीर्तनात बहुतेकदा घाईत ऐकतो. कान्होबांनी अडवलं. त्यांचं म्हणणं साधं होतं : तू साधू झालास, पण मला माझी पोरंबाळं सांभाळायची आहेत. तुकोबा रागावले नाहीत, उपदेशही केला नाही. खतांचे दोन भाग केले. निम्मी कान्होबांच्या हातात दिली. आपली निम्मी इंद्रायणीत सोडली.

निम्मीच. कारण तेवढीच त्यांची होती.

याच काळात त्यांनी घरचं पडकं देऊळ स्वतःच्या हातांनी नीट केलं. पुढे भंडाऱ्याचा डोंगर, बाबाजींचा स्वप्नोपदेश, अभंग, इंद्रायणीत बुडवलेल्या वह्या आणि तेरा दिवसांचं धरणं हे सगळं आपल्याला माहीत आहे. फक्त जिजाईला विसरू नका. आपण तिला कजाग म्हणून हसतो. पण निम्मी खतं नदीत गेल्यावर चूल तिलाच पेटवायची होती, आणि भंडाऱ्यावर भाकरी घेऊन चढणारीही तीच होती. १६५० मध्ये तुकोबा वैकुंठाला गेले, तेव्हा धाकटा नारायण तिच्या पोटात होता. याच नारायणमहाराजांनी १६८५ मध्ये पालखी सोहळा सुरू केला. विश्वंभरबाबांची वारी इतकं सगळं सोसून पुढच्या पिढीत पोचली, ती अशी.

आता हे आजच का लिहितोय ते सांगतो. वडील जाऊन वर्ष झालं. वर्षश्राद्धाला गावी गेलो तेव्हा त्यांची जुनी वही निघाली. कुणाला किती हातउसने दिले, त्याची नोंद. मी एकदम म्हणालो, सोडून देऊ सगळं, कशाला मागायचं! धाकटा भाऊ काहीच बोलला नाही. गावी शेती तोच करतो. सोसायटीचं कर्ज त्याच्या डोक्यावर आहे. माझा पगार एक तारखेला खात्यात पडतो. जेवताना तो माझ्याकडे बघत नव्हता, आणि मला वाटत होतं मी फार मोठा त्याग केला.

हिंजवडीपासून देहू फार लांब नाही. परवा ऑफिस सुटल्यावर घाटावर जाऊन बसलो, तेव्हा ती निम्मी खतं आठवली. मी भावाच्या वाट्याचे कागद नदीत टाकायला निघालो होतो.

रात्री त्याला फोन केला. माझा निम्मा हिस्सा मी सोडतो, तुझ्या निम्म्याचं तू ठरव, आणि मी न विचारता बोललो ते चुकलं, एवढं सांगितलं. तो थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, दादा, आषाढीला येतोयस ना?

अनासक्ती स्वतःच्या वाट्यापुरती असते मंडळी. दुसऱ्याच्या वाट्याची आपण दाखवतो, तो नुसता दिखावा. आज झोपण्याआधी एकदा बघा, आपण सोडतोय ते नक्की कुणाचं आहे.

उद्या पुढचं लक्षण.

रामकृष्णहरी.