आडेलेचा हार

आजीची चिंचपेटी आईकडे आली, आईकडून माझ्या बहिणीकडे. घरातला दागिना असाच पुढे जातो. गुस्ताव क्लिम्टनं १९०७ साली पूर्ण केलेल्या त्या प्रसिद्ध सोनेरी चित्राची छापील प्रत प्रथम पाहिली, तेव्हा सोन्याच्या वर्खाआधी माझी नजर गेली ती त्या बाईच्या गळ्याला घट्ट बसलेल्या हिऱ्यांच्या हारावर. अगदी चिंचपेटीसारखा!

ती बाई म्हणजे आडेले ब्लॉख-बाउअर. व्हिएन्नातल्या एका ज्यू बँकरची ही मुलगी १८८१ साली जन्मली. तिला खूप शिकायचं होतं. पण अठराव्या वर्षी साखर कारखानदार फेर्डिनांडशी तिचं लग्न झालं. मूल एकही जगलं नाही. मग तिनं पुस्तकं जवळ केली, घरी चित्रकारांच्या, लेखकांच्या, समाजवादी पुढाऱ्यांच्या बैठका जमवल्या. १९२५ साली, अवघ्या त्रेचाळिसाव्या वर्षी, मेंदूज्वरानं ती गेली. क्लिम्टची चित्रं नवऱ्यानं आपल्यामागे ऑस्ट्रियाच्या कलादालनाला द्यावीत, असं तिनं मृत्युपत्रात सुचवलं होतं. हा देश आपलाच, असं मानणाऱ्या बाईची ती इच्छा होती. फेर्डिनांडनं तिची खोली जशीच्या तशी ठेवली, चित्रांसकट.

या घरच्या दोन बहिणी दोन भावांना दिलेल्या. त्यामुळे मारिया ही आडेलेची भाची आणि फेर्डिनांडची पुतणी. डिसेंबर १९३७ मध्ये तिच्या लग्नात काकांनी काकूचा हार तिला दिला. मार्च १९३८ मध्ये हिटलरनं ऑस्ट्रिया गिळला. गेस्टापोची माणसं हार घेऊन गेली. तो गोअरिंगच्या बायकोकडे गेला, असं मारिया सांगत असे. तिच्या नवऱ्याला डाखाऊच्या छळछावणीत डांबलं ते त्याच्या भावाचा कारखाना लाटण्यासाठी. पुढे ती दोघं निसटली. ऑस्ट्रियातले सुमारे ६५,००० ज्यू मारले गेले.

चित्र १९४१ साली कलादालनात गेलं. १९४३ च्या प्रदर्शनात ते मांडलं, पण आडेलेचं नाव गाळून. सोनेरी पार्श्वभूमीवरची कुणी एक स्त्री, बस्स! चोरीपेक्षा मला हेच जास्त लागतं. बाई भिंतीवर हवी, तिचं ज्यू नाव मात्र नको.

फेर्डिनांड १९४५ साली झुरिकमध्ये वारले. मालमत्ता त्यांनी भावाच्या मुलांच्या नावे केली होती. ऑस्ट्रियाचं सरकार मात्र आडेलेच्या मृत्युपत्राकडे बोट दाखवत राहिलं. अखेर २००६ साली लवादानं मारियाच्या बाजूनं कौल दिला, तेव्हा ती ८९ वर्षांची होती. चित्र न्यूयॉर्कच्या नॉय गॅलरीत गेलं, आडेलेच्या पूर्ण नावानिशी.

२०११ मध्ये मारिया गेली. हार तिला परत मिळालाच नाही.