नारायण वामन टिळक

रेव्हरंड नारायण वामन टिळक (६ डिसेंबर, १८६१ – ९ मे, १९१९) हे मराठी कवी, संपादक, ख्रिस्ती धर्मोपदेशक आणि धर्मोपदेशकांचे शिक्षक होते. मराठी वाचकांना ते मुख्यतः फुलामुलांचे कवी म्हणून परिचित आहेत. मात्र बाप्तिस्म्यानंतरची त्यांची बरीच वर्षे अहमदनगर येथे नव्या ख्रिस्ती उपदेशकांना घडवण्यात गेली. महाराष्ट्रात ख्रिस्ताचा संदेश सांगणारा माणूस कोणत्या भाषेत बोलावा, कसा राहावा आणि कोणाच्या आधारावर जगावा, या प्रश्नांचा त्यांनी आयुष्यभर विचार केला. इ.स. १९१७ मध्ये त्यांनी सातारा येथे स्थापन केलेला 'देवाचा दरबार' हा त्या विचाराचा शेवटचा टप्पा होय.

बालपण व शिक्षण

टिळकांचा जन्म रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे चित्पावन ब्राह्मण कुटुंबात झाला. वडील वामनराव सरकारी नोकरीत होते व त्यांचा स्वभाव कडक होता. आई जानकीबाई भाविक होत्या व त्यांना काव्याची आवड होती. आईचा मृत्यू टिळकांच्या लहानपणीच झाला. त्यानंतर ते नाशिक येथे आले आणि गणेशशास्त्री लेले यांच्याकडे त्यांनी संस्कृतचे अध्ययन केले. इंग्रजी शाळेतील शिक्षण त्यांना अर्धवट सोडावे लागले.

इ.स. १८८० मध्ये त्यांचा विवाह नाशिकजवळील जलालपूर येथील गोखले घराण्यातील मनकर्णिका यांच्याशी झाला. याच पुढे 'स्मृतिचित्रे'कार लक्ष्मीबाई टिळक म्हणून प्रसिद्ध झाल्या. विवाहानंतरची टिळकांची वर्षे भटकंतीची होती. शिक्षक, कीर्तनकार, पुराणिक अशी निरनिराळी कामे त्यांनी केली. नागपूर येथे आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने त्यांना संस्कृत ग्रंथांचे काम मिळाले. तेथेच त्यांनी 'ऋषि' हे मासिक चालवले. जातिभेद आणि रूढ कर्मकांड यांविषयी त्यांच्या मनात या काळात असमाधान वाढत गेले आणि देशाच्या उन्नतीला धर्माचा नवा आधार हवा, असे त्यांना वाटू लागले.

धर्मांतर

इ.स. १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावकडे जाताना आगगाडीत त्यांची एका युरोपीय प्रवाशाशी भेट झाली. त्याने टिळकांशी काव्य व धर्म या विषयांवर चर्चा केली आणि बायबलमधील नवा करार त्यांना भेट दिला. त्यातील गिरिप्रवचनाने टिळक प्रभावित झाले. पुढील दोन वर्षे वाचन, पत्रव्यवहार व मनातील संघर्ष यांत गेली. १० फेब्रुवारी, १८९५ रोजी मुंबई येथे अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळीत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. हा विधी परदेशी मिशनऱ्याच्या हातून न होता भारतीय पाळकाच्या हातून व्हावा, असा त्यांचा आग्रह होता.

या निर्णयाची मोठी किंमत कुटुंबाला मोजावी लागली. लक्ष्मीबाई आणि लहानगा मुलगा दत्तू (पुढे देवदत्त) त्यांच्यापासून दुरावले. लक्ष्मीबाई काही काळ पंढरपूर येथे नातेवाइकांकडे राहिल्या. सुमारे पाच वर्षांच्या ताटातुटीनंतर त्या पतीकडे परतल्या. आरंभी त्यांनी आपले सोवळे व स्वतंत्र स्वयंपाक कायम ठेवला. हळूहळू त्यांची मते बदलली आणि इ.स. १९०० मध्ये त्यांनी स्वतःच्या निर्णयाने बाप्तिस्मा घेतला. या काळाचे प्रांजळ चित्रण 'स्मृतिचित्रे'मध्ये आढळते.

अहमदनगर येथील अध्यापन

अमेरिकन मराठी मिशनने इ.स. १८१३ मध्ये मुंबईत आणि इ.स. १८३१ मध्ये अहमदनगर येथे काम सुरू केले होते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, विशेषतः दुष्काळांच्या काळात, अहमदनगर जिल्ह्यातील खेड्यापाड्यांत ख्रिस्ती मंडळ्यांची संख्या वाढली. या मंडळ्यांतील बहुतेक लोक तत्कालीन समाजाने अस्पृश्य मानलेल्या महार व मांग जातींतील होते. त्यांच्यासाठी गावोगावी शाळा चालवणारे शिक्षक, उपदेशक आणि पाळक हवे होते. इतक्या गावांना परदेशी मिशनरी पुरणे शक्य नव्हते. त्यामुळे स्थानिक कार्यकर्ते तयार करणे ही मिशनची निकड बनली. इ.स. १८७८ मध्ये अहमदनगर येथे सुरू झालेली थिऑलॉजिकल सेमिनरी याच गरजेतून उभी राहिली होती. डॉ. रॉबर्ट ह्यूम हे तिचे प्रमुख होते.

बाप्तिस्म्यानंतर टिळक अहमदनगर येथे आले व या सेमिनरीत शिकवू लागले. जन्माने चित्पावन असलेला संस्कृतज्ञ आणि दलित कुटुंबांतून आलेले विद्यार्थी एकाच वर्गात बसत होते. त्या काळाच्या मानाने ही असामान्य गोष्ट होती. टिळकांच्या घराचे दारही सर्वांना खुले होते. विद्यार्थी, निराधार मुले आणि उदयोन्मुख कवी यांचा तेथे सतत राबता असे. बालकवी ठोंबरे यांनाही या घराचा आधार मिळाला. इ.स. १९०७ मध्ये जळगाव येथे झालेल्या कविसंमेलनाने बालकवींचे नाव पुढे आले व टिळकांनी त्यांना आपल्या सहवासात ठेवून घेतले.

पुढे अमेरिकन मराठी मिशनने टिळकांनाही पाळक म्हणून दीक्षित केले. काही वर्षे त्यांचे वास्तव्य राहुरी येथे होते.

उपदेशकाच्या शिक्षणाविषयीची भूमिका

ख्रिस्ती उपदेशक आपल्या समाजाला परका वाटता कामा नये, ही टिळकांच्या विचारांतील मध्यवर्ती गोष्ट होती. त्या काळच्या मंडळ्यांत पाश्चात्त्य चालींवर बसवलेली भाषांतरित गीते गायली जात. पेहराव व उपासनेची पद्धत यांवरही पाश्चात्त्य छाप होती. अशा रीतीने तयार झालेला उपदेशक गावात गेला की लोक त्याच्या संदेशाआधी त्याचे परकेपण पाहतात, असे टिळकांचे मत होते.

यावर त्यांनी वारकरी परंपरेतून उपाय शोधला. तुकारामादी संतांच्या अभंगांवर त्यांचे निस्सीम प्रेम होते आणि आपण तुकोबांच्या वाटेनेच ख्रिस्तापर्यंत पोहोचलो, अशी त्यांची धारणा होती. त्यामुळे उपदेशकाला बायबलबरोबरच संतवाङ्मयाचीही जाण हवी, असे ते मानत. मराठी ख्रिस्ती कीर्तनाची सुरुवात अहमदनगर येथे कृष्णराव रत्नोजी सांगळे यांनी पूर्वीच केली होती. टिळकांनी हा प्रकार पुढे नेला. कीर्तनाच्या पूर्वरंगात एखाद्या तत्त्वाचे विवेचन आणि उत्तररंगात आख्यान अशी रचना असते. टाळ-मृदंगाच्या साथीने चालणारे हे निरूपण निरक्षर श्रोत्यांनाही सहज कळते व त्यातील पदे त्यांच्या ओठांवर राहतात. लक्ष्मीबाईंनीही पुढे ख्रिस्ती कीर्तने केली.

उपदेशकाच्या हाती गाण्याजोगे मराठी काव्य असावे, म्हणून टिळकांनी मोठ्या प्रमाणात भजने, पदे व अभंग रचले. त्यांतील अनेक गीते 'उपासना संगीत' या मराठी ख्रिस्ती गीतसंग्रहात असून आजही मंडळ्यांमध्ये गायली जातात. 'अभंगांजली' हा त्यांचा संग्रह याच काव्याचा परिपाक होय. इ.स. १९०९ च्या सुमारास त्यांनी ख्रिस्तचरित्रावर 'ख्रिस्तायन' हे ओवीबद्ध महाकाव्य लिहावयास घेतले. इ.स. १८४२ मध्ये अहमदनगर येथे सुरू झालेल्या 'ज्ञानोदय' या नियतकालिकाच्या मराठी विभागाचे संपादकत्व इ.स. १९१२ पासून त्यांच्याकडे होते. विखुरलेल्या उपदेशकांपर्यंत आपले विचार पोहोचवण्यासाठी त्यांनी या पत्राचा उपयोग केला.

देवाचा दरबार

उपदेशकाच्या वेतनाचा प्रश्न टिळकांना अधिक बोचत होता. मिशनचे उपदेशक पगारी होते आणि त्या पगाराचा मोठा भाग अमेरिकेतील देणग्यांतून येत असे. उपदेशक म्हणजे परदेशी संस्थेचा नोकर, अशी समजूत त्यामुळे लोकांत रूढ झाली होती. महाराष्ट्राने धर्म सांगणाऱ्याला फकीर, बैरागी किंवा संत या रूपात पाहिले होते. पगार घेणाऱ्याच्या उपदेशावर लोकांचा विश्वास बसणे कठीण आहे, ही अडचण टिळकांनी ओळखली. स्वतः टिळकही मिशनचे वेतन घेत होते. त्यामुळे ही टीका त्यांना स्वतःलाही लागू पडत होती.

इ.स. १९१७ मध्ये, वयाच्या छपन्नाव्या वर्षी, त्यांनी मिशनची नोकरी व वेतन सोडले आणि ख्रिस्ती संन्यासी म्हणून जगण्याचा निश्चय केला. त्यानंतर सातारा येथे त्यांनी 'देवाचा दरबार' स्थापन केला. ख्रिस्ताला गुरू मानणाऱ्या सर्वांचा हा बंधुसंघ असावा, अशी त्याची कल्पना होती. बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले अशा दोन्ही प्रकारच्या अनुयायांना त्यात स्थान होते. सहजीवन, भजन, ध्यान आणि लोकसेवा यांतून उपदेशक तयार व्हावेत आणि त्यांच्या निर्वाहाची जबाबदारी कोणत्याही मिशनवर न राहता देवावरील भरवसा व लोकांचा स्नेह यांवर चालावी, असा त्यामागील हेतू होता.

दरबाराविषयी ख्रिस्ती समाजात एकमत नव्हते. टिळकांच्या त्यागाबद्दल आदर असूनही बाप्तिस्मा न घेतलेल्यांना शिष्य मानणे काहींना मान्य नव्हते. त्यामुळे मंडळीच्या सीमारेषा पुसट होतात, असा त्यांचा आक्षेप होता. दरबाराच्या मर्यादाही स्पष्ट होत्या. त्याचा सारा भार एका व्यक्तीच्या प्रतिभेवर व भक्तीवर होता आणि ती व्यक्ती प्रकृतीने खचत चालली होती. टिळकांच्या संन्यासाचा ताण कुटुंबालाही सोसावा लागला. नियमित उत्पन्न बंद झाल्यावर घर चालवण्याची जबाबदारी मुख्यतः लक्ष्मीबाईंवर आली.

मृत्यू

सातारा येथील कामाला दोन वर्षेही पूर्ण होण्यापूर्वी टिळकांची प्रकृती ढासळली. ९ मे, १९१९ रोजी मुंबई येथे त्यांचे निधन झाले. त्यांच्यानंतर देवाचा दरबार फार काळ टिकला नाही.

प्रभाव

संस्था म्हणून दरबार अल्पायुषी ठरला, तरी त्यामागील विचार पुढे चालू राहिला. अहमदनगर भागात काम करणारे इंग्रज मिशनरी जॅक विन्स्लो यांच्यावर टिळकांचा प्रभाव होता. त्यांनी इ.स. १९२२ मध्ये 'ख्रिस्त सेवा संघ' स्थापन केला. भारतीय व युरोपीय सदस्यांनी आश्रमात एकत्र, साध्या भारतीय पद्धतीने राहावे, हे त्या संघाचे सूत्र होते. पुढे त्याचे केंद्र पुणे येथे आले. विन्स्लो यांनी इ.स. १९२३ मध्ये टिळकांचे इंग्रजी चरित्रही प्रसिद्ध केले. निकोल मॅकनिकल यांनी टिळकांच्या काही गीतांची इंग्रजी भाषांतरे केल्यामुळे ती महाराष्ट्राबाहेरही पोहोचली.

'ख्रिस्तायन' टिळकांच्या हातून अपुरे राहिले होते. लक्ष्मीबाईंनी त्यात ६४ अध्यायांची भर घालून ते पुढे नेले. लक्ष्मीबाईंचे निधन इ.स. १९३६ मध्ये झाले व संपूर्ण काव्य इ.स. १९३८ मध्ये प्रकाशित झाले. पतीच्या धर्मांतरामुळे एकेकाळी त्यांच्यापासून दुरावलेल्या लक्ष्मीबाईंनीच त्यांचे सर्वांत मोठे ख्रिस्ती काव्य पूर्णत्वास नेले.